ताईचं फूल

४ फेब्रुवारी
सापडलं! वाळवंटातलं नामशेष फूल सापडलं म्हणे — पेपरात पहिल्या पानावर! नखाएवढं, पिवळं, देठाला लव. आणि नामशेष केलं कुणी? आमच्या साहेबांनी. सात हिवाळे सुक्या तळ्याकाठी जीप फिरवली, दिसलं नाही, की फुलाच्या नावानं आंघोळ करून मोकळे!

५ फेब्रुवारी
ते फूल पहिल्यांदा आणलं माझ्या ताईनं. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. ती वनस्पती-संग्रहालयासाठी रानोमाळ हिंडून रोपं गोळा करायची, मी तिथं कारकून, साहेब तिथले प्रमुख. फूल आणलं आणि आठवड्यात तापानं गेली. पुढे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या ताईनं घरच्या कुंडीत वाढवलं असेल रे! नाव पाहिजे होतं ना!" सगळे फिदीफिदी हसले.
शाळेत गुरुजी म्हणत, ज्याला एक कविता पाठ नाही तो अर्धाच माणूस. साहेब तर पावसुद्धा नव्हते.

९ फेब्रुवारी
संग्रहालयात सत्कार. फूल शोधणाऱ्या पोरीचा? छे, साहेबांचा! नव्वदीचं खोड, चाकाच्या खुर्चीत. "मला खात्री होतीच," म्हणाले. आणि हार पडल्यावर शेजारच्याला हळूच — "कुठलं फूल?"
पोरगी मात्र गुणाची. म्हणाली, "काका, फुलाला ताईंचं नाव मी लावून घेईन. पण फूल आहे मिठाच्या टेकडीवर. जुन्या नोंदीत सुकं तळं कसं?"
"आंधळ्यांचा कारभार, बाई!" मी म्हटलं.

१० फेब्रुवारी
ताईचं नाव लागणार! दिवसभर जुन्या कविता म्हणत बसलो.

१२ फेब्रुवारी
पोरीला ताईची टिपणवही मिळाली. तीत स्वच्छ लिहिलंय — मिठाची टेकडी, उतारावर. म्हणजे ताई खरी! दोन सुकवलेल्या नमुन्यांच्या ठिकाणाच्या चिठ्ठ्या कुणीतरी उलटसुलट चिकटवल्या, आणि सगळे जन्मभर भलतीकडे शोधत बसले. पोरगी म्हणाली, "ज्यानं हे केलं, त्यानंच ताईंना खोटं पाडलं." लाख बोललीस! असल्या गाढवाला चौकात उभा करावा.

१३ फेब्रुवारी
मूळ नमुना पाहिला. चिठ्ठीवरचं अक्षर माझं. ताई तापात होती, मी तिच्यासाठी कविता जुळवत होतो. ओळ काही केल्या वृत्तात बसेना. हात आपला चिकटवत होता.
पोरीनं विचारलं, "काका, हे अक्षर कुणाचं?"
"साहेबांचं," मी म्हणालो.