परवानाधारक हजर पाहिजे

हाटकेश, मीरा रोड
९ नोव्हेंबर २०२४

चि. तुळसा हिस,
दादाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे मी, चि. संघर्ष, सूनबाई सौ. मानसी आणि तीन कुत्री. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस असं कळलं. अगं, फोन वाजला की तिघंही एकदम भुंकायला लागतात आणि तुला ऐकू जातं ते तेवढंच. त्यापेक्षा पत्र बरं.

एक आनंदाची बातमी आहे. कुत्र्या-मांजरांची पैदास करून पिल्लं विकणाऱ्यांना परवाना सक्तीचा करायचा आणि त्यांच्यावर कर बसवायचा, असं इथल्या महापालिकेने ठरवलंय. लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या होत्या. माझा उभा जन्म आवक-जावक विभागात दुसऱ्यांची पत्रं नोंदण्यात गेला. म्हटलं, आता आपलंही एक आवक होऊ दे. चांगली चार पानं लिहून दिली. दर वेतामागे कर घ्या, असं लिहिलं. शिवाय, परवाना ज्याच्या नावावर आहे त्याने जनावरांबरोबर त्याच घरात राहिलं पाहिजे, एकही रात्र बाहेर काढता कामा नये, असंही घातलं. फारच कडक वाटू नये म्हणून माणुसकीखातर एक सवलत ठेवली, की वर्षातून फार तर पंधरा दिवस रक्ताच्या नात्यातल्या माणसाला नोंद करून बदली ठेवता येईल.

यातली गोम तुझ्या लक्षात आली का? संघर्ष कंपनीच्या कामाने सारखा पुण्या-नाशकाला मुक्कामी असतो. मानसीची दवाखान्यात रात्रपाळी. परवाना घेणार कोण? संघर्षचा पिल्लं विकायचा धंदा आपोआप बंद आणि पिल्लांची उस्तवारी करणारा हा म्हातारा मोकळा. बुद्धपौर्णिमेला मी तुझ्याकडे कायमचा येतोय. संघर्षला यातलं काही बोललो नाही.

तुझ्या लोभाची खात्री आहेच, गुडघ्यांची मात्र काळजी घे.

तुझा दादा,
सहादेव

वाकणशेत, ता. मंडणगड
२१ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
तुळसाचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. वाचून हसूही आलं आणि रागही आला. घरातली गोष्ट घरात बोलायची सोडून तू ती महापालिकेला कळवलीस! पोराला समोर बसवून सांगायला काय झालं होतं, की बाबा रे, मला आता गावी जायचंय? अंगणवाडीत माझी चार वर्षांची पोरं यापेक्षा सरळ बोलायची.

असो. तुझी खोली तयार आहे. पडवीला लागून भिंत घातली, वर पत्रा टाकला. खिडकी मुद्दाम विहाराच्या बाजूला काढून घेतली. तिथून माझं दारही दिसतं, म्हणजे चहा झाला की तुला हाक मारायला उठावं लागणार नाही. गवंड्याने विचारलं की एकट्या बाईला दुसरी खोली कशाला. मी सांगितलं, माझा भाऊ येतोय. आता मला तोंडघशी पाडू नकोस.

माया आहे तेवढीच असू दे, जास्त झाली तर पाठवायला टपालखर्च वाढेल.

तुझी,
तुळसा

हाटकेश
१८ फेब्रुवारी २०२५

चि. तुळसा हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि. नियम लागू झाला. माझी सूचना जशीच्या तशी घेतलीय, स्वल्पविरामासकट. नोकरीत माझ्या एकाही शब्दाला कुणी विचारलं नाही आणि आता हे! तो कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

संध्याकाळी संघर्षने तो वाचला. मग म्हणाला, की बाबा, टेन्शन घेऊ नका, तुम्ही तर कायम घरीच असता, परवाना तुमच्या नावावर काढू, फक्त एक सही करायचीय. मानसीही म्हणाली की हे बेस्ट होईल. दोघांचे चेहरे इतके सुटल्यासारखे झाले होते. त्या चेहऱ्यांकडे बघून, हे कलम तुम्हाला अडवायला मीच घातलंय, हे सांगायचं राहून गेलं.

मी सही केली.

परवाना दर्शनी भागात लावायचा असतो. संघर्ष तो बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावत होता. तेवढं मात्र मी होऊ दिलं नाही, चपलांच्या कपाटावर लावायला लावला. सोसायटीचे सेक्रेटरी ईश्वरभाई येऊन वाचून गेले. त्यांना कुत्र्यांचा मनस्वी राग. हिंदीत बजावून गेले की अंकल, एक रात जरी तुम्ही बाहेर राहिलात तरी मी महापालिकेच्या ऑफिसला कळवणार. रोज झोपण्याआधी ते खालून आमच्या गॅलरीकडे बघतात. मी हात करतो.

बुद्धपौर्णिमेपर्यंत काहीतरी मार्ग निघेल. तोवर मनातून उतरवू नकोस.

दादा

वाकणशेत
२ मार्च २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. कुत्र्यांसाठी शिवलेला पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून घेतलास आणि वर बक्कलही स्वतःच लावलंस. गावात सांगायची सोय नाही. बबन रोज विचारतो, तुमचे दादा कधी येणार. हा आपला शेजारी; त्याने खोलीत दिवा बसवून दिला आणि तो लागतो का ते बघायला रोज संध्याकाळी येतो.

मला एकच सांग. तो परवाना तुझ्या नावावर आहे ना? मग परत करून टाक. त्यात काय अडचण आहे? आधी तुझी नोकरी होती, मग संघर्षचं शिक्षण, मग त्याचं लग्न. आता कुत्री. दादा, तू खरंच अडकलायस, की तुला यायचंच नाही? यायचं नसेल तर तसं लिही. मी रडणार नाही, खोलीत लाकडं भरीन.

राग आहे, पण तो माझ्याच माणसावर आहे, हे लक्षात असू दे.

तुळसा

हाटकेश
६ एप्रिल २०२५

चि. तुळसा हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि. लाकडं भरू नकोस.

मी अडकलोय, तुळसा. दुसरा शब्द नाही. परवाना परत केला तर पैदाशीची कुत्री इथे ठेवता येणार नाहीत. संघर्षने आधीच चौकशी करून ठेवलीय. वरसाव्याला एकजण आहे, त्याच्याकडे शेडमागे पिंजरे आहेत आणि परवाना कसला तो नाही. तो तिघांनाही घ्यायला तयार आहे. संघर्ष वाईट नाही गं. दोघांच्या पगारात घर ओढताना त्याची दमछाक होते, ते मला दिसतं. पण त्या पिंजऱ्यात दुर्गी जाईल.

दुर्गी म्हणजे तिघांतली थोरली. कागदावर तिचं नाव डचेस आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. कर जड व्हावा म्हणून मीच लिहिलं होतं ना? कर येणार हे कळताच, तो भरून निघावा म्हणून संघर्षने दिवाळीनंतर लगेच तिचं आणखी एक वेत धरलं होतं. पिल्लं गोड होती, दिवाणावर माझ्या कुशीत झोपायची. परवा शेवटचं विकलं गेलं. तेव्हापासून ती घरभर फिरून दिवाणाखाली, कपाटामागे, बादलीत हुंगून बघते. मग माझ्याकडे येते आणि माझ्या मांडीवर हुंगते, मी कुठे लपवलंय का म्हणून. मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही.

बुद्धपौर्णिमेला येणं होणार नाही. बदली माणसाची सवलत आहे, पण संघर्षची नोकरी फिरतीची, मानसी पडली सून, आणि माझ्या रक्ताचं दुसरं आहे कोण? बबनला सांग, दिवा काढून ने.

येत नाही म्हणून परका समजू नकोस.

दादा

वाकणशेत
१८ एप्रिल २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझ्या रक्ताचं दुसरं कोण आहे म्हणून विचारतोस? स्वतःचं कलम स्वतःला समजत नाही आणि म्हणे आवक-जावक!

मी येतेय. ५ मेला सकाळी पोचते. आधार कार्ड आणि फोटो घेतलेत. ऑफिसात जाऊन माझी नोंद कर आणि रात्रीची गाडी पकड. घराची किल्ली बबनकडे आहे, कोंबड्याही तोच बघतोय. चांगले पंधरा दिवस राहा, पौर्णिमेला विहारात जा आणि तुझ्या खोलीत झोप. दुर्गीला सांगून ठेव की मी ओरडते, पण मारत नाही.

बाकी समक्ष. लोभ सोबत घेऊनच येतेय.

तुळसा

हाटकेश
७ मे २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि. सुखरूप पोचलास ना? इतक्या वर्षांनी भेटलो आणि अख्खा दिवस ऑफिसच्या बाकावर गेला. उरलेल्या वेळात तू कुठलं कुत्रं काय खातं तेच सांगत बसलास. माझ्या गुडघ्यांचं विचारलंही नाहीस.

एक गोष्ट तू कुठल्याच पत्रात लिहिली नव्हतीस. आतली खोली कुत्र्यांची, तिथे एसी. आणि तू दिवाणावर, दाराच्या फटीतल्या वाऱ्यात. मी संघर्षला समोर बसवून विचारलं. पोरगा खाली मान घालून म्हणाला, की बाबा कधी काही बोललेच नाहीत, मला वाटलं त्यांना इथेच आवडतं. मग मी त्याला सगळं सांगितलं. तुझी सूचना, कलम, माझी खोली, सगळं. तो रडला. दुर्गीचं यापुढे वेत घ्यायचं नाही, ऑपरेशन करून घ्यायचं, असं त्याने आपणहून म्हटलं. बाकी दोघांचं मात्र चालू ठेवावं लागेल म्हणाला. खोटं वचन दिलं नाही, ते मला आवडलं.

दुर्गी पहिल्या रात्री जेवली नाही, दाराशीच बसून होती. काल मी तुझा जुना स्वेटर अंगावर घेतला, एवढ्या उकाड्यात, तेव्हा चार घास खाल्ले. आता हे लिहितेय तर माझ्या पायावर मान टाकून झोपलीय. पाय बधिर झालाय, पण हलवत नाही. ईश्वरभाईंना मी गॅलरीतून रोज हात करते.

पंधराच्या पंधरा दिवस राहून ये, घाई करू नकोस. खोली आवडली का ते कळव. जीव तिकडेच लागलाय.

तुळसा

वाकणशेत
१२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा

चि. तुळसा हिस,
दादाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. सकाळी विहारात वंदना झाली. सगळ्यांनी तुझी चौकशी केली, मी आल्याचं फारसं कुणाला पडलं नव्हतं. खीर तुझ्यासारखी झाली नव्हती, असं बायका आपापसात म्हणत होत्या.

खोली फार चांगली आहे. वारा येतो, पत्रा तापत नाही, दिवा लागतो. कित्येक वर्षांत एवढी शांत झोप मिळाली नव्हती, आणि तरी पहाटे जाग आली. कुणी भुंकलं नाही म्हणून आली. खिडकी उघडली. तू लिहिलं होतंस तसंच आहे, समोर विहार आणि बाजूला तुझं दार. दाराला कुलूप. मी चुलीवर चहा केला आणि दोन कप काढले. मग एक परत ठेवला. सहा दिवस असंच चाललंय. माझ्याने आता होत नाही, तुळसा. मला या खोलीत यायचं नव्हतं, मला तुझ्या शेजारी यायचं होतं. ते इतकी वर्षं माझं मलाच कळलं नाही आणि तू मात्र भिंत घालून बसलीस.

उद्या रात्रीच्या गाडीने निघतोय. राहिलेले दिवस वाया जातील, जाऊ देत. तू मात्र लगेच निघू नकोस, बबन कोंबड्या बघायला कबूल आहे. दर्शनी भागात लावलेला तो कागद मला पाठ आहे. परवानाधारक आणि बदली माणूस यांनी एकाच वेळी घरात राहू नये, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मला सुचलंच नव्हतं, नाहीतर तेही घातलं असतं.

हे पत्र बहुधा माझ्या मागून येईल. दाराशी पडलं की तू उघड, आणि मोठ्याने वाच. मी शेजारीच असेन.

तुझा दादा,
सहादेव

ता. क. गुडघे कसे आहेत?