खाचेतलं नाव

१ फेब्रु., रवि.
वाशीमहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. स्वस्तातली, लाल, कडांचे टवके उडालेले. पन्नाशी आली तरी हौस जात नाही. विकणारी बाई दारात एकटीच होती. पोरीची म्हणाली. पोत्यात गुंडाळून दिली. निघताना, "नवा रंग देसान ना? जुना समदा काढून टाका."

४ फेब्रु.
दुपारी मेडिकल बंद करून घरामागं पत्र्याखाली बसलो. तारा काढल्या, घासायला सुरुवात. आयुष्यात पहिल्यांदा. दोन तासांत तळहाताएवढं लाकूड दिसलं. लाल धूळ रेखाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. बायकोचा राग नको म्हणून पुन्हा धुतले, मीच.

७ फेब्रु.
चार स्क्रू काढून गिटारची मान वेगळी केली. खालच्या खाचेत मार्करनं लिहिलेलं: दुरुस्ती, एका पोराचं नाव, परतवाडा, मोबाइल नंबर. सुंदर अक्षर. मोबाइलवर फोटो काढून ठेवला.
संध्याकाळी त्या बाईचा फोन. एकदम बारीक आवाज.
"दादा, मान काढली का?"
हो म्हटलं. मग ती, "तिथलं घासून टाका. पोरगी त्याच्यासंगं गेली. बावीस वर्साची हाये, राजीखुशीनं गेली. तिच्या बाबाले त्याचं नाव मालूम नाही अजून."

८ फेब्रु.
घासलं. खाच घासायची नसते, मान ढिली बसते, हे नंतर वाचलं. बसू दे. मोबाइलमधला फोटोही पुसला. नाव इथंही लिहीत नाही.

११ फेब्रु.
प्रायमर मारला. ओघळ आले.
दुपारी दुकानात एक माणूस. पांढरा शर्ट, शांत बोलणं. त्या पोरीचा बाप. त्याच्याबरोबरचे दोघं बाहेर गाडीतच बसलेले. "गिटार तुमी नेली ना? पाहू द्या."
घरी नेलं. बॉडी उलटीपालटी केली. खाचेत अंगठा फिरवत राहिला.
"हे काहून घासलं?"
"नवशिका आहे. सगळंच घासलं."
"काही लिहेल होतं का?"
"नाही."
चहा पूर्ण प्यायला. उठताना रेखाला, "वहिनी, तुमाले बी पोरगी हाये ना. अकोल्याले शिकते."
आम्ही सांगितलं नव्हतं.

१२ फेब्रु.
रेखाला सगळं सांगितलं. बरं केलं म्हणाली. भांडी घासता घासता थांबली. "त्या पोराले सावध करा ना कोणी." नंबर आठवून पाहिला. शेवटचे चार आकडे येतात. पुढचं काही नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
निळ्याचा पहिला हात. ओल्या रंगावर चिलटं चिकटली.
बाईला फोन लावला. तिनंच पोरीला कळवावं म्हणून. दोनदा नुसता वाजला. तिसऱ्यांदा उचलला. मी घाईत बोलून गेलो, "ताई, परतवाड्याला कळवा, हे लोक शोधत आहेत..."
पलीकडून पोरीच्या बापाचाच आवाज, तसाच शांत.
"परतवाडा का?"
मागं गाडीचं दार लागल्याचा आवाज. फोन कट.
रेखा माझ्याकडं पाहून राह्यली होती. सांगितलं. ओरडली नाही. पिशवीत माझा शर्ट आणि पाण्याची बाटली टाकली.
"नाव तं माहीत हाये ना तुमाले. मंग निघा."
साडेतीनची बस. परतवाड्यात गिटार दुरुस्त करणारे किती असतील.