दोर कोणाच्या हातात

रवि. ८ फेब्रु.
नात लिहिते, आजी बोलते. दिवाळीपासून असंच चाललंय. मला अक्षर येत नाही, जुईला भाकरी येत नाही. फिट्टंफाट.

होडीवालीच्या सिनेमाचा दुसरा भाग आज पुन्हा पाहिला. हिंदीत बोलतात म्हणून मला कळतो. पहिल्या भागात दाढीवाल्याने नावेचा दोर सोडला नि नाव चोरांच्या हवाली केली. भावाला सोडवायला, हे कबूल. आता हात जोडून परत आलाय. होडीवालीने त्याला माफ करायचं, की बिचारा चष्मेवाला दोन भाग मुकाट वल्हं मारतोय त्याच्याशी जमवायचं? यावरून जुईच्या मोबाइलवरच्या ग्रुपात भांडणं. जुई चष्म्याकडची. शेजारची मुक्ता दाढीकडची. लहानपणापासूनच्या मैत्रिणी, आता कॉलेजच्या बसमध्ये लांब लांब बसतात म्हणे.

मला विचारलं. मी निकाल दिला. दगा दिलेल्याच्या हातात पुन्हा दोर देऊ नये.

जुई लय खूश.

सोम. ९
निकाल ग्रुपात टाकला. बदामच बदाम आले. कोणी लिहिलंय, आजीलाच नावेत बसवा. सूनबाई म्हणाली, आता आईंचा सातपूरच्या चौकात फ्लेक्स लावा. म्हटलं लाव, फोटो मात्र लग्नातला घे.

चष्मेवाला चांगला आहे. पण हसत नाही. हे जुईला सांगितलं तर रुसली.

गुरु. १२
मुक्ता तीन दिवस फिरकली नाही. रोज चहाला यायची. जुई म्हणते, अभ्यास असेल. परीक्षा तर मागच्या महिन्यात झाली.

शुक्र. १३
(आजचं अक्षर मुक्ताचं.)

मुक्ता डबा परत द्यायला आली. माझ्या भांड्यांवर नाव नाही. काठाखाली तीन टिंबं ठोकून घेतलीत, मला वाचता यावीत म्हणून. झाकण उघडलं. डबा रिकामा. शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. हे या पोरीला मीच शिकवलेलं.

विचारलं, काय गं, काय झालं?

म्हणाली, "तुम्ही मला टोमणा मारलात, आजी. मी तिची कॉलेजची वही हरवली होती, ते जुईने अजून धरून ठेवलंय. तुम्हीही तिच्याच बाजूच्या."

मोबाइलवरचा निकाल तिने वाचून दाखवला. मग मी तिला ही आपली वही वाचायला लावली. दोन्हीकडे तेवढंच. मी सांगितलेलं असं होतं: दाढीवाल्याला नावेत घ्यावं. जेवू घालावं. शेजारी बसवावं. दगा दिलेल्याच्या हातात दोर तेवढा लगेच पुन्हा देऊ नये.

पुढचं मागचं छाटून जुईने मधलं ठेवलं. 'लगेच'सुद्धा खाल्लं.

जुई तिथेच होती. म्हणाली, "खोटं एक अक्षर नाही लिहिलं मी."

"खोटं नाही गं. अर्धं लिहिलंस. मला वाचता येत नाही, म्हणून अर्धं."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, उठून बंद केला.

सोम. १६
दोन दिवस वही बंद. आज जुईच घेऊन आली. म्हटलं लिही, पण अट आहे. मुक्ता वाचून दाखवेल, सगळं आलं असेल तर खाली मी तीन टिंबं देईन. टिंबं नाहीत, तर ते बोलणं माझं नाही.

लिही आता. तुझे आजोबा लग्नानंतर चार वर्षांनी घोटीला भाताच्या गिरणीवर गेले, ते दीड वर्ष आले नाहीत. चिठ्ठी नाही, निरोप नाही. कोणाकडे राहत होते ते सगळ्या गावाला माहीत. मग एका दुपारी दारात उभे. सासूबाई आत गेल्या. मी पाय धुवायला पाणी दिलं. ताट वाढलं. कोठीची किल्ली मात्र नऊ वर्षं माझ्या कमरेला होती. त्यांनी कधी मागितली नाही. मग एकदा मी दिंडोरीला माहेरी निघाले, तेव्हा मीच आपणहून दिली. ते रडले. मी नाही रडले, एसटी निघत होती.

निकाल सिनेमाचा नव्हता गं, जुई. तू त्यातलं ताट गाळलंस.

मुक्ताने वाचलं. सगळं आलंय.
• • •

शनि. २१
जुईने ग्रुपात पूर्ण निकाल टाकला. खाली लिहिलं, आधीचं मी कापलं होतं, आजीने नाही. बदाम मोजकेच. चष्मेवाले म्हणतात आजी फुटली, दाढीवाले म्हणतात आता कशाला. जुई जेवली नाही नीट. मी आग्रह केला नाही. वाढलं मात्र.

मुक्ता डबा घेऊन आली. गाजर हलवा, साखर जास्त. हे तिनेच वाचून दाखवलं.
• • •

रवि. २२
तिसरा भाग लागला. जुईने मला टॉकीजला नेलं, जिन्यावर हात धरून. मुक्ता मावशीकडे गेलीय, उद्या येईल.

वादळात होडीवालीचा खांदा निखळतो. नाव एकटीला धरवत नाही. चष्मेवाला वल्ह्यावर. दाढीवाला समोर उभा, हात पुढे करत नाही, नुसता बघतो. ती दोराचं एक टोक त्याला देते, दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधते. बस. सिनेमा तिथेच संपवला मेल्यांनी. लग्न कोणाशी, ते पुढच्या भागात.

रिक्षात जुईने विचारलं, आजी, पूर्ण दोर कधी देईल ती?

म्हटलं, मला काय ठाऊक, मी तिची सासू आहे का.

घरी येऊन तिने हे लिहिलं. मुक्ता नाही, म्हणून आपणच वाचून दाखवलं. माझं "मेल्यांनी"सुद्धा ठेवलंय. आता पेन माझ्यापुढे धरून बसलीय. टिंबं मागत नाही.

एक टिंब देते.
•