अकरा उड्या

३ मार्च, मंगळवार

पुन्हा पहिल्या पानावर! सकाळपासून तीनदा उठले, दोनदा खिडकी उघडली, एकदा लावली — आणि ओबोची ओळ जिथल्या तिथे. ऑर्गनवर बाबांचा उजवा हात जे सहज वाजवायचा, ते या सनईसारख्या वाद्यात फुंकून वाजवायचं म्हणजे माणसाचा जीव जायचा. ऑर्गनचा भाता थकत नाही. ओबोवाली थकते, आणि थकली की बोलते.

वाटणी तशी सोपी. उजवा हात ओबोला, डावा हात व्हायोलिनला, पायाने दाबायच्या पट्ट्यांची ओळ चेलोला. मी हार्पसिकॉर्डवर, पियानोच्या त्या आजोबावर, बसून मधली भर घालायची. कागदावर सगळं सोपंच असतं.

अठरा दिवस राहिले. पत्रिकेचा मजकूर छापायला गेलासुद्धा — "ऑर्गनसाठी रचना, कर्ता अज्ञात, अठरावं शतक. चार जुन्या वाद्यांसाठी नवी मांडणी." त्याखाली माझं नाव. बाजारात तुरी!

४ मार्च, बुधवार

लिहून ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल. ही रचना फक्त एकाच ठिकाणी आहे — बाबांच्या तपकिरी वहीत, बाबांच्या अक्षरात. वर लिहिलंय, "एका जुन्या वहीवरून उतरवलं." ती जुनी वही वाळवीने खाल्ली म्हणे. पन्नास वर्षं बाबांनी प्रार्थनागृहातल्या त्या ऑर्गनवर ही वाजवली. आता त्यांना डावा खांदा उचलवत नाही. वरून छत गळतंय म्हणून ऑर्गनच उतरवायला घेतलाय. एक मिस्त्री येऊन एकेक नळा काढतोय, प्रत्येकाला चिठ्ठी बांधतोय. पुन्हा उभा राहील की नाही, कुणाला माहीत.

म्हणजे मी केलं नाही, तर ही चाल संपली. असं असताना मला दहा मिनिटं धड बसवत नाही!

६ मार्च, शुक्रवार

पहिली तालीम. छळ!

हवेत दमटपणा. चेलोच्या तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. दर पाच मिनिटांनी उतरत होत्या. चेलोवाले मामा (कुणाचेच मामा नाहीत, सगळेच म्हणतात) शांतपणे खुंट्यांचे कान पिळत बसले. व्हायोलिनवाला नेहमीप्रमाणे उशिरा, नेहमीप्रमाणे नवीन कारण.

ओबोवालीने पहिलं पान वाजवलं आणि ओबो मांडीवर ठेवला. "हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी फुंकलेलं नाही."

"श्वास कमी पडतो का?"

"उरतो! इतक्या बारीक भोकातून जातो किती? छातीत शिळी हवा कोंडून राहते. मला श्वास घ्यायला नको, सोडायला जागा दे."

हे मला माहीत असायला हवं होतं. वीस वर्षं या लोकांत काढली. लाज वाटली, म्हणून तिच्यावरच चिडले.

९ मार्च, सोमवार

ओबोला दोन जागा दिल्या. एक स्वर काढून व्हायोलिनला दिला. ऐकणाऱ्याला कळत नाही. बरं झालं.

आता पायांच्या ओळीत अडकले. एक गंमत दिसली. ओळ पायरी पायरीने खाली येते, खाली येते, आणि अगदी शेवटची पायरी आली की एकदम उडी मारून वरच्या सप्तकात. दर वेळी. मोजल्या — अकरा उड्या. खालचा 'ई', म्हणजे पायाच्या पट्ट्यांतली डावीकडून पाचवी, अख्ख्या रचनेत एकदाही नाही. तिच्या अलीकडचे आहेत, पलीकडचे आहेत, तीच नेमकी गाळलेली. जिना उतरताना तेवढीच पायरी टाळावी तसं.

मामांना विचारलं. "उतरवताना चुकले असतील तुझे बाबा. किंवा पाय पुरत नसेल. सरळ खाली आण ना, माझ्या चेलोत तो स्वर काय झकास वाजतो!"

हात आखडता घेतात तसा बाबांनी पाय आखडता घेतला. हेच असणार!

१० मार्च, मंगळवार

अकरा ठिकाणी खालचा स्वर घातला. सरळ, भारदस्त. चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

११ मार्च, बुधवार

फोन करायला नको होता.

आत्याने उचलला. बाबा तिच्याकडेच राहतात, भाऊ-बहीण दिवसभर एकमेकांशी हुज्जत घालत. बाबांना दिला. मी खुशीत होते. म्हटलं, "बाबा, तुमच्या अकरा चुका दुरुस्त केल्या!"

"कुठल्या?"

सांगितलं. मग, "त्याला हात लावू नकोस. आहे तसं वाजव."

"अहो, पण मुळात असं असणारच नाही. सरळ खाली येणारी ओळ मध्येच उडी कशाला मारेल?"

"मारते. तशीच आहे ती."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही नुसती उतरवलीत!"

"तुमच्या त्या चार वाद्यांना जमत नसेल तर सोडून दे. मी काही मागे लागलो नव्हतो."

चार वाद्यांना! वीस वर्षं माझ्या कामाला हे 'जोडकाम' म्हणतात. ऑर्गन ते ऑर्गन, बाकी सगळी फुंकाफुंकी. एकदाही तालमीला आले नाहीत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी बोलले —

"जोडकाम तरी करते. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचंच वाजवलंत. स्वतःची एक ओळ तरी लिहिलीत का?"

पलीकडे फोन ठेवल्याचाही आवाज नाही, नुसती आत्या — "अगं, हा तर बाहेर जाऊन बसला. काय बोललीस?"

१२ मार्च, गुरुवार

काही केलं नाही. तीन पेन्सिली टोकदार केल्या.

१४ मार्च, शनिवार

आत्याचा फोन. "दोन दिवस धड बोलत नाहीये. काल मला म्हणाला, माझ्या अकरा चुका निघाल्या. 'चुका' हा शब्द चारदा ऐकवला. आता सत्तरी उलटलेल्या माणसाच्या चुका काढून काय लोणचं घालायचंय तुला?"

म्हटलं, "आत्या, कार्यक्रमाला येतील का?"

"नाही म्हणतोय. आणि तुला माहीत आहे, तो नाही म्हणाला की नाहीच."

माफी मागावी असं वाटतंय. आणि आपलंच खरं आहे असंही वाटतंय. दोन्ही एकदम वाटलं की मी भांडी घासते. कपाटातली, न वापरलेली पण घासली.

१७ मार्च, मंगळवार

तालीम बरी. तारा टिकल्या. व्हायोलिनवाला वेळेवर आला! सगळ्यांनी घड्याळं तपासली.

मामा खालच्या स्वरावर आले की खोली भरून जाते. मला छान वाटलं. ओबोवालीला नाही.

"एक विचारू? चेलो आता सरळ खाली जातो. मग मी का उडी मारते?"

"म्हणजे?"

"माझ्या ओळीत तीच उडी आहे. व्हायोलिनच्याही. आधी आम्ही तिघं एकच गोष्ट तीन तोंडांनी सांगत होतो. आता मामा वेगळंच काहीतरी सांगतायत."

"अलंकार समज."

"अलंकार? हं." तिचा 'हं' मला घरापर्यंत ऐकू येत होता.

२० मार्च, शुक्रवार

उद्या कार्यक्रम. हार्पसिकॉर्ड लावून झाला. दुपारी हाताला काम नाही म्हणून प्रार्थनागृहात गेले, उगाच. ऑर्गन निम्मा उतरलाय. नळे जमिनीवर चादरींवर ओळीने मांडलेले. बाबांचं बाक मात्र तिथेच, बसायच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं. मला रडू येईल असं वाटलं, तेवढ्यात मिस्त्रीने हाक मारली.

"ताई, तुमच्या वडिलांनी कधी तक्रार नाही केली? हा बघा."

एक जाडजूड नळा, तोंडाशी चेपलेला. पायाच्या पट्ट्यांना नळ्यांची एकच रांग, पट्टीला एक नळा, आणि त्यातला हा डावीकडून पाचवा.

"हा कधी वाजलेलाच नाही. बसवतानाच पडलेला दिसतोय. आत बसवणाऱ्याची चिठ्ठी निघाली — 'हा नळा बदलून देऊ.'" मिस्त्री हसला. "पन्नास वर्षं झाली. अजून देतोय!"

म्हणजे माझंच बरोबर होतं! मूळ रचनेत खालचा 'ई' असणारच. बाबांच्या ऑर्गनमध्ये तो मुका, म्हणून उतरवताना त्यांनी ओळ वळवली. चूक नव्हे, नाइलाज. मी तो नाइलाज दूर केला. अकराच्या अकरा बरोबर!

सांगायला फोन उचलला आणि ठेवला. "चुका नव्हत्या, बाबा," एवढंच सांगायचं होतं. उद्या सांगेन.

२१ मार्च, शनिवार, सकाळ

दात घासताना लक्षात आलं. तोंडात फेस, आणि तशीच वहीपाशी.

नळा मुका म्हणून ओळ वळवली असती, तर उडी पायांतच राहिली असती. उजव्या हाताला, म्हणजे ओबोला, कुठे अडचण होती? ओबो तर पहिल्याच ओळीत उडी मारतो, पाय वाजायला लागायच्या आधी! ओबोवाली तेच सांगत होती. अख्खी चालच त्या मुक्या नळ्याला धरून बांधलीये. तो नळा फक्त त्या एका ऑर्गनचा. आणि ऑर्गन बसवल्यापासून त्या बाकावर बाबांशिवाय कुणी बसलंच नाही.

कर्ता अज्ञात नाही. अठरावं शतक नाही. वाळवी नाही! आणि मी काय बोलले त्यांना — एक ओळ तरी लिहिलीत का...

खोडरबर घेतला. अकराही उड्या परत घातल्या. मग फोन.

"बाबा, ही तुमची आहे ना?"

"ओबोला श्वास सोडायला जागा ठेवलीस का?"

"दोन ठेवल्यात."

"मग येतो. पण नाव नको हं."

पत्रिका दीडशे आहेत. पेन घेऊन बसलेय, 'कर्ता अज्ञात, अठरावं शतक' खोडायला.