तुम्ही भाजलेली मुसळी फुलली!

आगरदांडा,
पिठोरीचा दुसरा दिवस

सन्माननीय मेहुणे हरेश्वरराव यांना धर्माजीचा रामराम. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनी, पोरं, म्हैस, सगळी खुशाल ना? (चैत्रापासून आपलं बोलणं बंद आहे, पण विचारायला काय जातंय!)

तर बातमी अशी, की काळी मुसळी फुलली! एकवीस फुलं, पिवळीधमक! तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण सांगताना मला बरं वाटतं. सासूबाईंच्या रीतीप्रमाणे तुमची बहीण सुचिता गौरीपुढं माळावरच्या मुसळीची पाच फुलं ठेवते. माळाला कुण्या शेठनं कुंपण घातलं, तेव्हा जेसीबी यायच्या आत मीच तिथले बोटाएवढे कंद उकरून परसात लावले. शेणखत इतकं घातलं की निम्मे कुजले. उरलेल्यांना पोटच्या पोरांसारखं जपलं. दिवाळीनंतर पानं वाळली (कंद खाली झोपतो आणि पावसाला उठतो), जागा मोकळी दिसायला लागली. आणि चैत्रात तुम्ही आलात, मला मदत म्हणून तिथंच पालापाचोळा अंथरून भाताच्या रोपांसाठी राब भाजलात! मग मी तुम्हाला काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही. पत्र बायकापोरं वाचतात.

पण माझी मुसळी ती! मृगात राखेतून हिरव्या पात्या वर! फूल अगदी जमिनीलगत, पानांआड. बघायचं तर वाकावंच लागतं. अख्खा गाव वाकून गेला, सरपंचसुद्धा! याला हात लागतो महाराजा, येरागबाळ्याचं काम न्हाय, असं प्रत्येकाला सांगून झालंय.

आपला,
धर्माजी

ता. क. : शेजारचा बाळाजी म्हणतो, राबाच्या राखेमुळंच फुलं एवढी आली. त्याला चहा न देता वाटेला लावला.

ता. क. २ : त्याचं खरं असावं.

ता. क. ३ : सुचितानं फुलांभोवती काट्या रोवल्यात. म्हणते, "माझा भाऊ येऊन खुडील तवाच फुलं गौरीपुढं जातील. न्हायतर गौर तशीच बसंल." चैत्रापासून ती माझ्याशी बोलली ते एवढंच. तेव्हा गौरीच्या दिवशी दिघीहून सकाळची पहिली फेरीबोट धरा, मी जेट्टीवर उभा असेन. चुकलो मी, हरेश्वरराव. (ही ता. क. तिनं समोर बसून लिहून घेतली आहे. पण 'चुकलो' तिनं सांगितलं नव्हतं, ते माझं.)