यलोस्टोनच्या कावळ्याला दिलेला शब्द

तीर्थरूप बापूमामांना,

नवनाथचा फार लांबून, पण पार जमिनीला डोकं टेकवून नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो. (नसला तरी बरा आहे असंच कळवा. मसाजाचं तेल मी पाठवलं होतं, मामीला बोलायला निमित्त नको.) मामीला नमस्कार, शेळ्यांची खुशाली कळवा. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला सांगितलेलं मामी शेजारी बसून ऐकते आणि संध्याकाळच्या आत ते दहिवडीच्या बाजारात पोचतं. मी इथं मिनेसोटात, ईडन प्रेरी गावी, हॉटेलात भट्टी सांभाळतो आणि संजयदादांच्या तळघरात भाड्यानं राहतो. तळघर म्हटल्यावर घाबरू नका, गालिचा आहे.

तर झालं असं, की संजयदादा सगळ्यांना घेऊन यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान बघायला निघाले. (उद्यान म्हणजे झोपाळा आणि घसरगुंडी नव्हे. आख्खा माण तालुका आत हरवेल.) हिमानीवहिनी म्हणजे दादांची बायको, त्या म्हणाल्या, "नवनाथ, तूपण चल, तुझंही बघणं होईल." बघणं म्हणजे काय ते डिकीत गॅसची शेगडी, कढई आणि झारा ठेवताना मला कळलं. सोबत त्यांचा मुलगा ईशान, जो मराठीत विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो, आणि दादांच्या आई, मीनाक्षीकाकू. काका गेल्या वर्षी पुण्याला वारले. आता घोळ असा, की दादांनी बुकिंग करताना ऑफिसची सुट्टी बघितली, पंचांग बघितलं नाही, आणि काकांची पितृपक्षातली तिथी आली नेमकी जंगलात. कॅन्सल करावं तर खोल्या पुन्हा मिळत नाहीत. काकू म्हणाल्या, "कॅन्सल नको. यांना फिरायची हौस होती, तिथंच जेवू दे त्यांना. पण पहिलंच वर्ष आहे. कावळा शिवल्याशिवाय मी तोंडात घास घालणार नाही." दादा म्हणाले, "आई, तुझी शुगर!" काकू म्हणाल्या, "ते तुझ्या बाबांना सांग, लवकर येतील."

वाटेत बॅडलँड्स नावाचं एक उद्यान लागलं. मामा, उघड्या टेकड्या, पाण्यानं खाल्लेल्या घळी, झाड औषधालाही नाही. लोक तिकीट काढून आत जातात आणि आ वासून फोटो काढतात. वहिनींनी विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "गावी आल्यासारखं." आपल्या वरच्या माळाला नुसतं फाटक बसवायला हवं होतं. सरपंचाला सांगून बघा.

यलोस्टोन मात्र खरंच अजब. जमिनीतून वाफा निघतात, चिखल पिठल्यासारखा रटरटतो, आणि एका ठिकाणी ही गर्दी बाकांवर बसून पाणी वर कधी उडतंय याची वाट बघते. उडालं की टाळ्या. माझे तर हात शिवशिवले, की एवढं आधण फुकट चाललंय, तांदूळ तरी वैरावेत. पण तिथं कशात काही घालायचं नाही असा कायदा आहे. गव्यापेक्षा दांडगा एक प्राणी रस्त्यात येऊन उभा राहतो, त्याला हॉर्न मारायचा नाही. अस्वलं वासावर येतात म्हणून खायचं सगळं लोखंडी पेटीत कुलपाआड ठेवायचं. आणि सगळ्यात वरचा नियम, कुठल्याही पशुपक्ष्याला घास टाकायचा नाही. हा नियम प्रत्येक पाटीवर होता. आम्ही प्रत्येक पाटी वाचली. दादांनी तर मोठ्यानं वाचली. काकू म्हणाल्या, "आपण कुठं टाकणार आहोत? आपण वाढणार आहोत."

तिथीच्या दिवशी जेवायला बसायची लाकडी टेबलं असतात तिथं मी शेगडी पेटवली. खीर, उडदाचे वडे, वरणभात, गवार, आमसुलाची चटणी, काही कमी ठेवलं नाही. काकूंनी पुण्याहून आणलेली पत्रावळ बॅगेतून काढली, पान वाढलं आणि एका ओंडक्यावर ठेवलं. समोरच्या झाडावर कावळा होताच. (मामा, इथला कावळा म्हणजे आपल्या कावळ्याचा पैलवान भाऊ. डोमकावळा म्हणतात तो. मान फुगवून बसला की फौजदार वाटतो.) पण तो हलेना. उन्हं चढली, काकूंचा चेहरा उतरला, दादा सारखं घड्याळ आणि आईची शुगर बघायला लागले.

तेवढ्यात मोठ्या टोपीवाली रेंजरबाई आली. तिनं पान बघितलं, पाटी बघितली, मग आम्हाला बघितलं. दादांना घाम फुटला. ग्रीनकार्डाचा अर्ज गेली कित्येक वर्षं रांगेत आहे आणि तो कावळ्यापायी जातो असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "मॅडम, हे प्राण्यांसाठी नाही. माझ्या वडिलांसाठी आहे." बाईनं इकडंतिकडं बघितलं, म्हणाली, "कुठं आहेत तुमचे वडील?" दादा पडले सरळ माणूस. त्यांनी झाडावर बोट केलं.

बाई बराच वेळ त्या कावळ्याकडे बघत राहिली. मग ईशाननं तिला इंग्रजीत सगळं समजावलं. (इतकं भरभर, की मला कळलं नाही, पण तो मध्ये एकदा पंख हलवून दाखवत होता.) तिनं टोपी काढली, काकूंचा हात हातात घेतला, दुःख झालं म्हणाली, आणि पान पेटीत ठेवा म्हणाली. झालं. काकांचं जेवण अस्वलाच्या भीतीनं लोखंडी पेटीत गेलं. काकू बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. नाही जेवायचं त्यांना, मग मलाही नको."

मी म्हटलं, काकू, कावळा अडला की गावाकडं काय करतात? इच्छा ओळखून शब्द देतात. वाढायला बंदी आहे, बोलायला थोडीच आहे? बाई तिथंच उभी होती, तिला विचारलं, तिनं परवानगी दिली. मग एकेक जण झाडाखाली हात जोडून उभा राहिला. दादा म्हणाले, "बाबा, कोथरूडचा फ्लॅट विकणार नाही." कावळ्यानं पाठ फिरवली. वहिनी म्हणाल्या, "बाबा, ईशानला मराठी शिकवीन." कावळ्यानं पंख खाजवला. ईशान म्हणाला, "आय प्रॉमिस, आजोबा, आय विल स्पीक ओन्ली मराठी." कावळ्यानंही विश्वास ठेवला नाही. काकू म्हणाल्या, "तुमच्या जुन्या रेडिओला हात लावणार नाही, मग तर झालं?" नाही झालं.

राहिलो मी. आता तुम्हाला माहीत आहे, आठवी सोडल्यापासून मी कुठं टिकलो नाही. सांगलीची बेकरी, गोवा, दुबई, न्यू जर्सी, मग इथं. काका दर उन्हाळ्यात यायचे तेव्हा भट्टीजवळच्या टेबलावर बसून मला एकच सांगायचे, "नवनाथ, बूड टेकव रे." आणि मी तर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनो गावच्या एका हॉटेलवाल्याला येतो म्हणून बसलो होतो. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. पण काकूंनी सकाळपासून घास घेतला नव्हता. तोंडातून निघून गेलं, "काका, बूड टेकवतो. ईडन प्रेरी सोडत नाही."

फडफड झाली. आम्ही वर बघतोय तर झाड रिकामं. मागं वळतो तर कावळा आमच्या टेबलावर, आणि ईशानसाठी केलेले बटाटेवडे ज्या पिशवीत होते तिची चेन चोचीनं सरळ ओढत होता. (पिशवी पेटीत ठेवायला मीच विसरलो होतो.) रेंजरबाई ओरडली, मी झारा घेऊन धावलो, पण तो आख्खा वडा घेऊन पसार. बाई कपाळावर हात मारून म्हणाली, या भागातले कावळे चेन उघडतात, पण तुम्ही घातलेलं नाही, त्यानं चोरलंय, तेव्हा नुसती ताकीद. काकू रडतही होत्या आणि हसतही होत्या. म्हणाल्या, "आले! शेवटी तेलकटच! लसूण घातलेला! जन्मभर माझ्यामागं हेच केलं!" मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "वडा निमित्त रे. तू शब्द दिलास तेव्हा उठले झाडावरून." आणि त्या बसून पोटभर जेवल्या. बाईनंही खीर खाल्ली, उभ्याउभ्या, टोपी काढून.

असो. सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचा भाचा,
नवनाथ

ता. क. खरं काम असं. कुणाचा कावळा अडला की गावात तुम्हालाच बोलावतात, तेव्हा निकाल तुम्हीच द्या. पान सोडून पिशवीतला वडा नेला तर शिवला म्हणायचं का? काकांची ओळख नसलेला परमुलखातला कावळा चालतो का? क्युपर्टिनोवाला अजून थांबलाय. "चालत नाही" असं लिहिलंत तर मी मोकळा होईन.

ता. क. दुसरा. काकू आत्ता चहा घेऊन खाली आल्या. कुणाला लिहितोस विचारलं. मामांना, त्यांना कावळ्यातलं कळतं, म्हटलं. म्हणाल्या, "मग विचारच. नाही म्हणाले तर मी पुन्हा तिथं जाऊन उपाशी बसेन, बर्फ असला तरी." तेव्हा "शिवला, शिवला" असं मोठ्या अक्षरात लिहा. मला खरं काय ते वेगळ्या पाकिटात. एकात दोन्ही कागद घालू नका, इथलं टपाल काकूच उघडतात.

ता. क. तिसरा. वेगळं पाकीट राहू द्या. पत्र टाकायला निघालो तोच क्युपर्टिनोवाल्याचा फोन आला, कधी येतोस म्हणून. मी म्हटलं, जमत नाही, आमचे काका नको म्हणाले. तो म्हणाला, ठीक आहे, मोठ्या माणसांचं ऐकावं.