नातीच्या कॉफीतले बदाम

चिरंजीव धाकटीला थोरलीचा पोटभर आशीर्वाद, आणि तुझ्या यजमानांना, ऐकत असतील तर, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही कुरकुरतात, पण हल्ली आपसांतच बोलतात, मला विचारत नाहीत. यजमानांचा खोकला गेला, की अजून पाहुणे आले की मुद्दाम खोकतात? नात सुखरूप आहे हे आधी सांगते, नाहीतर पत्र अर्धं टाकून तू रडायला बसशील. तीच हे लिहिते आहे, आणि मी सांगेन त्याहून एक शब्द जास्त घालायचा नाही असं तिला बजावलं आहे.

तुला ठाऊकच आहे, हिला बदाम, काजू, अक्रोड चालत नाहीत. मी इतकी वर्षं समजत होते, नखरे. (लिही गं, नखरेच लिही.) आपण अकरा पोरं एका घरात वाढलो, कुणाला काही चालत नाही असं नव्हतं, जे चाललं नसतं ते मिळतच नव्हतं. तर चष्म्याच्या दुकानात नोकरी लागल्याच्या आनंदात ही मला गेल्या मंगळवारी कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. काचेचं दार, उंच स्टुलं (माझे पाय अधांतरी लोंबकळत राहिले, शाळेत जायची राहिलेली हौस फिटली) आणि भिंतभर पाटी. काउंटरमागे एक दाढीवाला, कानात बाळी, पण नजर सरळ. हिने त्याला जे धरलं! मला नट्सची ॲलर्जी आहे, दूध कुठलं, सिरप कुठलं, मिक्सरच्या भांड्यात आणखी काय काय फिरवता, वर काय भुरभुरवता? अगं, सोयरीक जुळवताना आपण मुलाकडच्यांना इतकं विचारलं नव्हतं, म्हणून तर तुझं असं झालं. मागे रांग वाढत होती. मी शरमेने पाटीकडे बघत राहिले, जणू वाचतेच आहे.

तेवढ्यात तो म्हणाला, दूध साधं आहे, ओटचं आहे आणि बदामाचं आहे. बाई गं! बदामाचं दूध! मी न राहवून विचारलं, ‘बदामाला कास कुठे असते रे बाबा?’ तो म्हणाला, ‘भिजवून वाटतात, आजी.’ ‘मग पाणी म्हण की!’ आमच्या पुढच्या टायवाल्याने नेमकं तेच मागवलं होतं, तो छताकडे बघायला लागला.

पण खरा धक्का पुढेच. त्यांच्या मशीनला वाफेची एक नळी असते. ती दुधात बुडवली की दूध फुस्स करून फुगतं. त्याने टायवाल्याचं बदामाचं फुगवलं, नळीवरून फडकं फिरवलं, आणि आमच्या दुधाला हात घातला. मला अक्षर येत नाही, पण धुतलेलं आणि नुसतं पुसलेलं यातला फरक दहा हातांवरून कळतो. मी ओरडले, ‘अरे, खरकटी आहे ती!’ अख्खं दुकान माझ्याकडे वळलं. बिचाऱ्याने कानाची पाळी धरली, भांडं बदललं, हात धुतले, नळी आतून-बाहेरून साफ केली म्हणाला आणि मला दाखवून दाखवून दूध फुगवलं. पैसे मोजता मोजता नात म्हणाली, ‘आजी, यापुढे तू बरोबर असल्याशिवाय मी बाहेर काही पिणारच नाही.’ मी त्या दुधाहून जास्त फुगले.

बसलो. ही दोन घोट प्यायली आणि थांबली. ओठांना हात लावला. बघता बघता ओठ टम्म, मानेवर गांधी उठल्या, आवाज घोगरा. पर्समधून पेनासारखं काहीतरी काढलं आणि कपड्यावरूनच मांडीत खुपसलं! अगं, इंजेक्शन! मी नुसती ‘अगं अगं’ करत राहिले. ॲम्ब्युलन्स दाढीवाल्यानेच बोलावली. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात होतो. इतक्याशा बदामाने माणूस जाऊ शकतं, असं डॉक्टरीण म्हणाली. (वरचा नखरे शब्द खोडू नकोस. राहू दे माझ्या नावावर.)

मग आमचे चिरंजीव दुकानात जाऊन जे गरजले! मालकाने दाढीवाल्याला घरी बसवलं आहे. शनिवारी ठेवायचं की काढायचं ते सांगणार. तो दवाखान्यातही आला होता. दाराशी उभा राहून मला म्हणाला, ‘आजी, तुम्ही बघत होतात ना? धुतली होती ना मी?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माझी नजर अधू आहे बाबा. काय करणार, निष्काळजी माणसांचा काळ आला आहे. तू जपून राहा.

तुझी थोरली

ता. क. तुझ्याकडचं गुडघ्यांचं तेल संपलं नसेल तर बाटली पाठव. संपलं असेल तर इतकं कुठे चोळलंस ते कळव.

दुसरा ता. क. अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. नात कामावर गेली आहे आणि पाकीट अजून उघडंच होतं. हे खालच्या मजल्यावरची शिवणवाली लिहिते आहे, तोंडाची घट्ट आहे. दाढीवाल्याने नळी धुतली होती. माझी नजर अधू नाही, हिच्या सुईत दोरा मीच ओवून देते. नात जागा धरायला गेली तेव्हा मी टायवाल्याच्या कपाकडे बोट दाखवून माझ्यासाठी तेच मागितलं. पाण्याला दूध म्हणतात म्हणजे काय, ते चाखायचं होतं. माझ्या कपात साखर ढवळली आणि त्याच चमच्याने तिच्या. ती दोन वर्षांची असल्यापासून तिचं दूध मीच ढवळते, हात आपोआप गेला. नळी खरकटी दिसली, चमचा दिसला नाही, कारण तो माझा होता.

तेलबिल राहू दे. तू शनिवारच्या आत ये. मालकाशी माझं मी बोलेन, तू नुसती शेजारी उभी राहा, म्हणजे मला पळता येणार नाही. पण त्याच्या आधी नातीला सांगायला हवं, तेव्हाही ये. मालक परका आहे, तो फार तर ओरडेल. ती ओरडणार नाही गं, तेच मला बघवणार नाही.